दादाच्या डोक्यातला पासवर्ड

आमच्या समोरच्या दारात एक भाऊ-बहीण राहतात. बहीण शिवणकाम करते, म्हणून सगळी इमारत तिला टेलरबाई म्हणते. भावाला सगळे दादा म्हणतात, त्याच्याहून मोठी माणसंसुद्धा. दोघांनीही लग्न केलं नाही. का, ते मी वीस वर्षांत विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. बाहेरच्या खोलीत तिचं मशीन, कापायचं टेबल आणि एक उभा आरसा. आतल्या खोलीत दादाची खाट, पुस्तकांचं कपाट आणि वायरींनी भरलेले बुटांचे तीन खोके.

दादा टेलिफोन खात्यात होता. चौतीस वर्षं त्याने लोकांच्या लाइनी जोडल्या. स्वभावाने भलताच चोख. दाराला कडी लावली की दोनदा ओढून बघायचा, आणि जिना उतरल्यावर पुन्हा एकदा वर येऊन बघायचा. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांचा ईमेल कुणीतरी उघडला आणि त्यांच्या नावाने भलतीच पत्रं धाडली, तेव्हापासून त्याच्या डोक्यात किडा शिरला. कंपनीने दिलेला इंटरनेटचा डबा त्याने काढून टाकला आणि तीन अँटेनांचा, खास सुरक्षेसाठी मिळतो तो राउटर आणून आठवडाभर त्याला मांडीवर घेऊन बसला.

टेलरबाईने त्याला तेव्हा विचारलं होतं, आपल्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय, माझी मापं? तो म्हणाला, "मापं तुझी नाहीत, लोकांची आहेत. म्हणून तर जपायची."

त्याने त्या डब्याला काय काय केलं ते मला नंतर समजलं, आणि तेही निस्तरावं लागलं म्हणून. आधी त्याने नेटवर्कचं नाव लपवलं, म्हणजे शेजारच्यांच्या फोनवर ते दिसायलाच नको. मग एक लांबलचक पासवर्ड घातला. तेवढ्यावर भागेना, म्हणून एक यादी केली. या यादीत ज्या यंत्राचं नाव असेल त्यालाच नेट मिळणार, बाकी कुणी पासवर्ड बरोबर घातला तरी बाहेर. यादीत तीन नावं होती: त्याचा फोन, त्याचा लॅपटॉप, बहिणीचा फोन. आणि ही यादी बदलायची तर राउटरच्या आत शिरायचा वेगळा पासवर्ड, जो फक्त त्याच्या डोक्यात. कागदावर उतरवला की तो पासवर्ड राहत नाही, असं त्याचं म्हणणं.

मग एका सकाळी दादा दूध घेऊन जिना चढताना कोसळला. हातातला फोन दोन पायऱ्या खाली जाऊन फुटला. आम्ही चौघांनी त्याला खुर्चीत बसवून खाली नेलं.

दोन आठवड्यांनी तो घरी आला. उजवा हात लुळा पडला होता, पाय ओढत चालत होता, आणि बोलणं गेलं होतं. गेलं होतं म्हणजे एकच शब्द उरला होता: "बरोबर." भूक लागली तरी बरोबर, पाय दुखला तरी बरोबर, कसा आहेस विचारलं तरी बरोबर. सूर तेवढा बदलायचा. डोळ्यांवरून दिसायचं की आतून बोलायचंय काहीतरी निराळंच. समजत मात्र त्याला जवळजवळ सगळं होतं, आणि तेच जास्त वाईट होतं.

हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी टेलरबाईला नीट समजावलं. रोज अर्धा तास धडा घ्यायचा. पेशंटला रोज आणणं जमणार नाही, म्हणून व्हिडिओवर. त्यासाठी हॉस्पिटलने एक टॅब्लेट वापरायला दिला. पहिले तीन महिने महत्त्वाचे, त्यातले दोन आठवडे गेलेच आहेत, उद्यापासून सुरू करू, असं बाई म्हणाल्या. टेलरबाईने दुसऱ्या दिवशीची सगळी कामं बाजूला ठेवली आणि दहाच्या धड्यासाठी नऊ वाजताच दादाला धुतलेला शर्ट घालून बसवलं.

टॅब्लेटला नेटवर्कच दिसेना. तिने मला हाक मारली. मला यातलं फार कळतं असं नाही, पण शाळेच्या ऑफिसात नोकरी केल्यामुळे संगणकाला मी घाबरत नाही, इतकंच. तिच्या फोनमध्ये शोधून शोधून मी नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड बाहेर काढला आणि टॅब्लेटमध्ये घातला. पडद्यावर वाक्य आलं: हे उपकरण परवानगीच्या यादीत नाही, व्यवस्थापकाशी संपर्क साधा.

व्यवस्थापक समोर खाटेवर बसला होता.

तिच्या फोनवर हॉस्पिटलचं अॅप चालत नव्हतं, फोन फार जुना. लॅपटॉप उघडायला दादाचाच आणखी एक पासवर्ड. मोबाईलचं नेट म्हणावं तर आमच्या मजल्यावर खिडकीला नाक लावलं तर कुठे सिग्नलची एक काडी दिसते. दहा वाजले, साडेदहा वाजले, धडा बुडाला. टेलरबाई दादासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "दादा, त्या डब्याचा पासवर्ड आठवतोय ना तुला?"

"बरोबर," तो म्हणाला, आणि या वेळी तो अगदी बरोबरच म्हणत होता. त्याने मानही हलवली.

तिने पुठ्ठ्यावर सगळी अक्षरं आणि आकडे मोठे मोठे लिहिले, आणि डाव्या हाताने बोट ठेव म्हणाली. त्याने पहिल्या अक्षरावर ठामपणे बोट ठेवलं. मग दुसऱ्यावर. मग तो थांबला, पहिल्याकडे परत आला, त्याच्या शेजारच्यावर बोट ठेवलं आणि सगळं हाताने पुसल्यासारखं केलं. पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक वेळी वेगळं निघायचं. मी ते टेलरबाईच्या फोनवरून घालून बघायची आणि प्रत्येक वेळी लाल अक्षरं यायची. पाच चुकांनंतर राउटरने तासभर दार लावून घेतलं. ही सोयही दादानेच करून ठेवलेली.

तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी त्याने तो पुठ्ठा खाटेखाली भिरकावला आणि तोंड फिरवून रडला. टेलरबाईने थेरपिस्ट बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या की त्याला यासाठी राबवू नका, तो लपवत नाहीये, शब्द त्याच्याजवळ असतो आणि बाहेर आणताना मोडतो. तिला हे ऐकून हायसं वाटायचं ते राहिलं बाजूला, पासवर्ड त्याच्याकडून मिळणार नाही एवढंच तिला कळलं.

बाजारातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला मी घेऊन आले. पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने डबा उलटा केला आणि मागचं बारीकसं भोक दाखवलं. यात सुई घालून दहा सेकंद दाबा, डबा कोरा होईल. मात्र नंतर कंपनीच्या लाइनला जोडताना तो कंपनीचं युजरनेम आणि पासवर्ड मागेल, ते तेवढं हाताशी असू द्या. टेलरबाईने नेटचं बिल काढलं. वर ठळक नंबर होता. हाच असेल, ती म्हणाली. दुरुस्तीवाला म्हणाला, असेलही, पण एकदा कंपनीला विचारून मग दाबा. आणि त्याला दुसरीकडे जायचं होतं, तो गेला.

तिने विचारलं नाही. आठवडा वाया गेला होता आणि तिला आणखी कुणाच्या पाया पडायचं नव्हतं. तिने पिनकुशनमधली सुई काढली. दादा खाटेवरून बघत होता. मी म्हटलं, त्याला आत बसवून करूया का? ती म्हणाली, त्याचंच आहे, त्याच्यासमोरच होऊ दे. सुई आत गेली, दिवे एकदम विझले आणि मग एकेक करून लागले, एक सोडून. दादाच्या घशातून आवाज आला, शब्द नव्हता तो. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

बिलावरचा नंबर कामाचा नव्हता. आता तिच्या फोनलाही नेट नव्हतं.

कंपनीच्या माणसाने फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की ही माहिती फक्त खातेधारकाला देता येते. खातेधारक बोलू शकत नाहीत, असं तिने सांगितलं. मग तुम्ही कशावरून त्यांच्या बहीण, तो म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं. दादाने स्वतः तसंच उत्तर दिलं असतं. शेवटी तो म्हणाला, त्यांना दोन प्रश्न विचारतो, त्यांच्या तोंडून उत्तर येऊ द्या. टेलरबाईने फोन दादाच्या कानाशी धरला.

"आपणच खातेधारक का?"

"बरोबर."

टेलरबाईच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड आला.

"आपली जन्मतारीख सांगा."

"बरोबर," दादा म्हणाला. मग घाम फुटेपर्यंत जोर लावून पुन्हा तेच. मग पलीकडच्या माणसाने अर्ज, डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि नातं सिद्ध करणारा कागद कार्यालयात आणून द्यायला सांगितलं.

ती तीन वेळा कार्यालयात गेली. एकदा प्रमाणपत्रावर शिक्का नव्हता, एकदा संबंधित बाई रजेवर होत्या. मी दादाजवळ बसायची. घरी ती थेरपिस्ट बाईंनी फोनवर सांगितल्याप्रमाणे बटण, कात्री, दोरा समोर धरून म्हणायची, दादा, हे काय? तो कात्रीकडे बघायचा, ओठ हलवायचा, आणि बाहेर तोच शब्द यायचा. गिऱ्हाइकं ब्लाउजांसाठी ताटकळली. एकीने कापड परत नेलं. सगळं मिळून साडेतीन आठवडे गेले.

शेवटी कंपनीचा माणूस आला. त्याने दादाच्याच राउटरमध्ये नवी माहिती घातली आणि डब्याच्या तळाला छापलेला पासवर्ड तसाच ठेवला. मी विचारलं, हा बदलायचा नाही का? म्हणाला, बदला हवा तर, पण अशा घरात कोण येतंय. टॅब्लेट लगेच जोडला गेला. दुसऱ्या दिवशी दहाला पडद्यावर बाई दिसल्या, त्यांनी पेल्याचं चित्र दाखवलं आणि धडे सुरू झाले.

त्याच संध्याकाळी दादाने डाव्या हाताने टॅब्लेट ओढून घेतला. "बरोबर, बरोबर," असं चिडून म्हणत तो डब्याकडे बोट करत होता. टेलरबाईला उमगलं: छापील पासवर्ड तसाच ठेवलेला त्याला खपत नव्हता. तिने मला बोलावलं. मी तळाचा पासवर्ड घालून त्याला राउटरच्या आत नेऊन सोडलं आणि पुढे मला काहीच करावं लागलं नाही. त्याचं बोट न चुकता चाललं. हे पान, ती ओळ, त्याखालची खूण. इतक्या सफाईने, की टेलरबाईने माझा दंड घट्ट धरला. तो पासवर्ड बदलायच्या चौकटीपाशी पोचला. नवा पासवर्ड घाला. त्याने काहीतरी घातलं. खालच्या चौकटीत तोच पुन्हा घाला. त्याने घातलं. दोन्ही सारखे नाहीत, असं आलं.

त्याने चार वेळा प्रयत्न केला. चार वेळा तेच आलं. पाचव्यांदा त्याने वरची चौकट भरली, बोट खालच्या चौकटीवर नेलं आणि ते तिथेच थांबलं.

"मी घालू का रे दादा?" टेलरबाईने विचारलं.

त्याने टॅब्लेट तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "बरोबर." घाल म्हणाला की घालू नको म्हणाला, ते तिला कळलं नाही आणि मलाही नाही. तिने घातला नाही.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. तीन महिन्यांनी धडे संपले, टॅब्लेट हॉस्पिटलने परत नेला. दादाजवळ आता सहा शब्द आहेत, त्यात पाणी आहे आणि नको आहे, म्हणजे घर चालतं. टेलरबाईने थेरपिस्ट बाईंना एकदा स्पष्टच विचारलं होतं, ते साडेतीन आठवडे गेले नसते तर? बाई म्हणाल्या, कुणीच सांगू शकणार नाही. मला वाटतं, फरक पडला असता किंवा नसता यांपैकी काहीही त्या म्हणाल्या असत्या, तरी तिला बरं वाटलं असतं. परवा मी पडद्यांचं कापड द्यायला गेले तर ती मशीनवर होती आणि दादा शेजारी बसून रिळांवर दोरा नीट गुंडाळत होता, डाव्या हाताने, फार सावकाश.