वॉकरची हिरवी चिंधी

अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखनही चुकतं, तेवढं या वहीनं सांभाळून घ्यावं. आज डोळ्यांसमोरून एक हिरवी चिंधी हलत नाही. आमची संस्था आजारी माणसांना वॉकर वापरायला देते. सगळे सारखेच दिसतात, म्हणून मी प्रत्येकाला वेगळ्या लुगड्याची चिंधी बांधते.

संस्थेला संगणकावरचा कारभार कितपत जमतो, ते बघायला आज एक ताई आल्या होत्या. नेमके तेव्हाच एक आजोबा वॉकरसाठी भरलेली अनामत परत मागायला आले. संगणक म्हणे, वॉकर परत आलेलाच नाही.

"मग काय मी खाल्ला?" आजोबा कडाडले.

मी कोपऱ्यातून हळूच म्हटलं, "तुमचा हिरव्या चिंधीचा. मंगळवारी सूनबाईंनी आणून दिला." आणि आतून आणून दाखवला.

वाटलं, आता ताई चिंध्या सोडायला लावतील. त्यांनी तर चिंधीचा फोटो काढला. "मावशी, सगळ्यांचे असे फोटो संगणकात घालू. तुम्ही शेजारी बसून सांगा."

संगणक आला की आपण संपलो, असंच मी धरून चालले होते. त्यालाही नव्या सुनेसारखी घरातली ओळख करून द्यावी लागते तर. किती हलकं वाटलं!

आजोबांना अनामत तिथल्या तिथे पूर्ण परत मिळाली.