बुढे पुण्याले आलते तवा

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. चार माणसं बसतात, कोणीतरी म्हणतं, "थो सांग ना बे, गेटवरचा," आणि एकातून दुसरा निघत जातो. आधी आम्ही लग्नात भेटायचो, आता बहुतेक भेटी तेरवीला होतात. मांडव तोच, सतरंजी तीच. फक्त आवाज खाली ठेवायचा आणि हसू आलंच तर तोंडावर दुपट्टा धरायचा.

यंदा श्रावणात विलासचीच तेरवी झाली. त्याचे सगळे किस्से तिथं निघाले. एरवी ते तोच सांगायचा. या वेळी मला सांगावे लागले.

आम्ही तिघं. अमरावतीच्या हॉस्टेलमध्ये एका खोलीत राहायचो. विलास भातकुलीकडच्या एका खेड्यातला, गिटार वाजवायचा आणि गायचा. गजू अकोटचा, ड्रम बडवायचा. मी बेस गिटार धरायचो. वाजवायचो असं म्हणणं जरा जास्त होईल. पुढे विलास गावाजवळच्या शाळेत मास्तर झाला, गजू अकोटात कापसाचं जिनिंग सांभाळू लागला, मी अकोल्यात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. शाळेत मास्तर विलास, पण मित्रांत 'मास्तर' म्हणतात ते मला!

खोलीत एक कॅसेट होती. कॉपीची कॉपी. विलायतेतल्या एका रॉक बँडची. बँडचं खरं नाव आम्ही कधी घेतलंच नाही. आम्ही एकोणीस वर्षांचे आणि ते तेव्हाच चाळिशी ओलांडलेले, म्हणून आम्ही त्यांना 'बुढे' म्हणायचो. तसं आमच्याकडे आईबापालाही बुढा-बुढीच म्हणतात. "बुढे लाव बे," असं म्हटलं की कॅसेट लागायची.

०००

कॉपीच्या कॅसेटबरोबर गाण्याचे शब्द कुठून येणार? विलास कानाला टेपरेकॉर्डर लावून जे ऐकू येईल ते वहीत देवनागरीत लिहून काढायचा. जिथं समजलं नाही तिथं जे बसेल ते. एका कडव्यात तर 'आलू-वांगं' इतकं स्वच्छ लिहिलेलं होतं की शेवटी आम्हीही तेच गायला लागलो.

गॅदरिंगला आम्ही हे गाणं घेतलं. त्याच दिवशी विलासचे वडील गावाहून एसटीनं आलेले. धोतर, टोपी, हातात पोराच्या डब्याची पिशवी. मागे शिपायाजवळ उभे राहिले. विलासनं डोळे मिटले, मान मागे टाकली आणि शेवटची ती लांब किंकाळी घेतली. हॉल चिडीचूप!

वडिलांनी शिपायाला हळूच विचारलं, "पोट दुखून राह्यलं काय हो पोट्ट्याचं?"

०००

मग तीस-बत्तीस वर्षं गेली. त्यात सांगण्यासारखं फार नाही. लग्नं झाली, केस गेले, गिटारी माळ्यावर गेल्या.

विलासचं गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. तिथल्या विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. माणसं मात्र पिढ्यानपिढ्या तेच पाणी प्यायली. विलासचे पाय सुजायला लागले तेव्हा गजू आणि मी त्याला अमरावतीला घेऊन गेलो. डॉक्टरांनी गाव विचारलं. विलासनं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"घरात आधी कोणाला किडनीचा त्रास?"

"बाबाले होता. काकाले होता."

"शेजारीपाजारी?"

विलास बोटांवर मोजत गेला. नामदेव, नामदेवची बायको, पोलीस पाटील, दळणवाली, शाळेचा जुना हेडमास्तर. असं करत दोन्ही हातांची बोटं संपली. मग म्हणाला, "डॉक्टरसायेब, पुढच्या येळी मतदार यादीच आनतो. तुमी खुना करा!"

डॉक्टर हसले नाहीत. आम्ही हसलो, कारण विलास आमच्याकडेच पाहत होता.

०००

गजूचे कान जिनिंगच्या आवाजानं गेलेत. त्यामुळे त्याला वाटतं सगळं जगच बहिरं आहे. फोनवर तो बोलतो ते शेजारच्या वर्गातही ऐकू जातं. मी लेन्स शिकवत होतो, तेव्हा फोन आला.

"मास्तर! बुढे येऊन राह्यले!"

"कोणाचे?"

"आपले बे! पुण्याले!"

"अरे पण कोणाचे आईवडील?"

"बुढे, मास्तर! आलू-वांगंवाले!"

वर्गात हशा पिकला. मी व्हरांड्यात आलो. पुण्याबाहेर एका मोठ्या मैदानावर दोन दिवसांचा फेस्टिवल होता आणि रविवारी संध्याकाळी शेवटी बुढे वाजवणार होते. शेवटचा दौरा, असं ते स्वतःच जाहीर करत होते. मी काही बोलायच्या आत गजूनं आवाज खाली आणला. म्हणजे तो साध्या माणसाइतक्या आवाजात बोलला.

"विलासले सांगू का नोको सांगू?"

०००

सांगितलं. तोवर विलासचं डायलिसिस सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार. किडनी काम करत नाही म्हणजे प्यालेलं पाणी अंगातच राहतं, म्हणून दिवसाला एक लिटरची परवानगी, तीही चहा आणि वरणासकट. शनिवारचं डायलिसिस करून निघायचं, रविवारी बुढे पाहायचे, सोमवारी परत, मंगळवारी सुईवर. हिशोब बसत होता. विलासची बायको मंदावहिनी म्हणाली, "मी बी येईन. गानं तुमी पाहा, मी याईले पाहीन."

गेटवर तपासणी करणारा एक धिप्पाड गडी होता. त्यानं विलासचे खिसे चाचपले, मग हात धरला आणि दचकला.

"काका, मोबाईल बाहेर काढा."

"मोबाईल खिशात हाय."

"मग शर्टाच्या बाहीत काय व्हायब्रेट होतंय?"

डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर एकमेकीला जोडतात. तिथून रक्त इतकं जोरात वाहतं की बोट ठेवलं तर गुरगुरल्यासारखं लागतं. विलासनं बाही वर केली. दोरासारखी फुगलेली ती शीर त्या गड्यानं पाहिली आणि हात मागे घेतला.

"अँप्लिफायर हाय माहा," विलास म्हणाला. "चोवीस तास चालूच राह्यते. बंद पडला का प्रोग्राम खतम!"

गड्यानं आमची बाकी तपासणी केलीच नाही.

०००

मैदान म्हणजे नजर पोचणार नाही इतकं. ऊन उतरलं होतं, पण जमीन तापलेली होती. सगळी पोरं-पोरी पंचविशीच्या आतबाहेर, अंगात बुढ्यांचे फोटो असलेले काळे टी-शर्ट. जांभळ्या केसांच्या एका मुलीनं आपली चटई आमच्याकडे सरकवली.

"अंकल, बसा ना. मुलाला घ्यायला आलाय का?"

आम्ही बसलो. खोटं कशाला बोला, पाय दुखत होते.

तेवढ्यात दिवे लागले, मैदान उठून उभं राहिलं आणि बुढ्यांचा गाणारा स्टेजवर चक्क धावत आला. पांढरे केस, सुकलेला, पण धावत!

गजू ओरडला, "मास्तर, थो पंच्याहत्तरचा पयत आला बे! आन् आपन त्रेपन्नचे, चटई मांगून राह्यलो!"

मग मागच्या पडद्यावर दोन तरण्या पोरांचे जुने फोटो आले. मूळच्या चार बुढ्यांतले दोन वारले होते. त्यांच्या जागी दुसरेच कोणी वाजवत होते. ड्रमवर बसलेल्याचा तर जन्मही त्या कॅसेटनंतरचा असेल. गजू पडद्याकडे पाहत होता. त्यानं बोटांवर मोजलं, चारातले दोन. मग आमच्याकडे वळून तिघांवरून नजर फिरवली. पुढचं मोजलं नाही.

०००

खरं सांगायचं तर गाणं चांगलं झालं नाही. आवाज फाटला होता. वरच्या पट्टीतली गाणी त्यांनी खाली आणली होती, आणि जिथं ती किंकाळी यायची तिथं गाणारा माईक लोकांकडे करायचा. पोरं किंचाळायची. गजूला एवढंच ऐकू येत होतं, त्यामुळे तो खूश होता. मला मात्र आपण उगाच आलो असं वाटायला लागलं. कॅसेटमध्ये ते चाळीस वर्षांचेच राहिले असते तर काय बिघडलं असतं?

विलास टाचा उंच करून स्टेजकडे पाहत होता. गाणाऱ्याच्या पायाशी एक तिरपा टीव्ही ठेवलेला होता. त्यावर ओळी सरकत होत्या. स्वतःच्या गाण्याचे शब्द तो वाचून म्हणत होता!

विलासनं माझा दंड धरला. "मास्तर, थ्याले बी पाठ नाई बे! तीस वर्षं तुमी मले हासले!"

आणि मग आमचं ते गाणं आलं. विलास मोठमोठ्यानं गायला. आलू-वांग्यासकट. जांभळ्या केसांची मुलगी वळून पाहायला लागली. तिनं काही दुरुस्त केलं नाही.

०००

मध्ये एका संथ गाण्यानंतर गाणारा थांबला. कोणीतरी त्याला पाण्याची बाटली दिली. थंडगार, बाहेरून दव आलेली. त्यानं मान मागे टाकली आणि प्यायला लागला. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर होता, त्यामुळे तीन मजली उंच पडद्यावर तो गळा, ती वरखाली होणारी गाठ, हनुवटीवरून ओघळणारं पाणी. जवळजवळ पूर्ण बाटली प्यायला. उरलेलं डोक्यावर ओतलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मंदावहिनीनं विलासच्या गालावर हात ठेवला आणि त्याचं तोंड हळूच दुसरीकडे वळवलं.

"तिकडं पाहू नोका," ती म्हणाली.

०००

येताना गाडीत कोणी फारसं बोलत नव्हतं. गजूला शांतता चालत नाही, कारण मग त्याच्या कानात नुसती शिट्टी वाजते. त्यानं गाडी चालवता चालवता विषय काढला.

"विलास, वहिनीची किडनी जुळली ना? सहा महिने झाले रिपोर्टले. मंग घेत काऊन नाई?"

"सत्तावीस वर्षं झाली, माह्या गावचं पानी पिऊन राह्यली ते," विलास म्हणाला. "एक मी घेऊ, आन् उद्या तिलेच बिमारी लागली तं? मंग ते कोनाची घेईन?"

"डॉक्टर तं चांगली हाय म्हने!"

"माह्या बाबाची बी चांगलीच हाय म्हने डॉक्टर. दोन वर्षं हेच म्हने, मंग गेले बाबा."

गजू त्याला समजावत राहिला, मीही मध्ये पडलो. डॉक्टर काय म्हणतात, दुसरीकडे एकदा दाखवू, धोका किती. मंदावहिनी खिडकीबाहेर पाहत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "माह्या आंगातलं हाय. मले इचारा ना कोनी."



विलासनं ती किडनी घेतली नाही. आषाढाच्या शेवटी त्याला ताप आला आणि तीन दिवसांत सगळं आटोपलं. पुढचं सगळ्या गावाला माहीत आहे.

०००

एक किस्सा मात्र मी तेरवीला सांगितला नाही. ज्यांचा किस्सा ते समोरच सतरंजीवर बसले होते.

पुण्याहून परततानाच्या त्याच सोमवारी, दुपार कलताना, आम्ही पातूरला थांबलो. मंदावहिनीचं माहेर तिथलं. तिचे वडील सखारामबुवा, वय ब्याऐंशी. फुलांचं वावर आहे, झेंडू आणि शेवंती, अजून स्वतः तोडतात. ते अंगणात टोपलीपाशी फुलं निवडत बसले होते. आम्हाला चहा आला. विलासला अर्धा कप.

"कुठं गेलते जवाई?" बुवांनी विचारलं.

"पुण्याले, मामाजी. गानं ऐकाले."

"कोनाचं?"

"इंग्लंडचे बुढे हाय."

"बुढे मंजे? वय काय थ्याईचं?"

"पंच्याहत्तर. शहात्तरही असन."

बुवांचे हात थांबले. "बसून गाते?"

"उभं राहून, बुवा!" गजू ओरडला. "पयते बी!"

"किती येळ?"

"दोन घंटे!"

बुवांनी हातातली शेवंती टोपलीत टाकली. विलासकडे नाही, मुलीकडे पाहिलं.

"तं मंग थो डॉक्टर मले कसा म्हने का बाबा, तुमचं वय झालं?"

मंदावहिनीच्या हातातला कप खाली आला. "कोनता डॉक्टर? बाबा, तुमी कवा गेलते?"

"गेलतो. दिवाळीच्या मांगंपुढं. एस्टीनं." बुवा टोपलीकडे पाहत बोलत होते. "मले शुगर नाई, बीपी नाई. जलमभर पातूरचं गोडं पानी पेलो. थ्यानं माही किडनी तपासली बी नाई. वय इचारलं आन् म्हने, घरी जा."

विलासनं मान खाली घातली. बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आत गेले. आम्हाला वाटलं, जिवाला लागलं, आत जाऊन पडले असतील. मंदावहिनी मागून जायला निघाली, तोच ते बाहेर आले. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, बगलेत कापडी पिशवी. आमच्याकडे न पाहता अंगण ओलांडून गजूच्या गाडीपाशी गेले, पुढचं दार उघडून सीटवर बसले आणि दार ओढून घेतलं.

मग काच खाली करून म्हणाले, "चाला ना. जवाई, थ्या बुढ्याचं वय तुमीच सांगजा डॉक्टरले."