रेहानाने खोडलेला आकडा

रेहाना गेल्याचं तिच्या भावानं कळवलं, तेव्हा मी ऑफिसात तिच्याच शेजारच्या टेबलावर होते. "ताई, रेहाना गेली... असरच्या नमाजनंतर दफन आहे," एवढंच तो बोलू शकला. साधा वाटलेला ताप, आणि बाई हातची गेली. तेव्हा नुसतं रडू आलं. राग आला तो आठवड्यानं, संस्थेच्या शोकसभेत. तिच्या फोटोखाली फ्लेक्सवर जो आकडा छापला होता, तोच खोडायला लावण्यासाठी ती वर्षभर भांडली होती. आज इतक्या दिवसांनीही तो राग उतरत नाही.

नगरमधल्या एका संस्थेत आम्ही दोघी कामाला. संस्थेची गाडी जामखेडच्या वाड्यावस्त्यांवर जाऊन बायकांचं रक्त तपासायची. ती माहिती आमच्याकडे एक्सएमएल फाइलमधून यायची. रेहानाचा जावा या संगणकभाषेतला प्रोग्राम ती फाइल वाचायचा, प्रत्येकीचं नाव, वय, हिमोग्लोबिन आमच्या तक्त्यात ज्याच्या त्याच्या रकान्यात बसवायचा आणि शेवटी नोंदी मोजायचा. रेहाना हुशार, पण भारी घाईची. चहा गार व्हायच्या आत काम हातावेगळं करायची तिला खोड. त्या घाईतच चूक झाली, आणि ती तिचीच होती. फाइलमध्ये दोन नोंदींच्या मध्ये थोडी मोकळी जागा असते. मोजताना प्रोग्रामनं तीही नोंद धरली, गजऱ्यातल्या फुलांबरोबर गाठीही मोजाव्यात तशी. तक्त्यातली नावं बरोबर होती, पण वरचा एकूण आकडा जवळजवळ दुप्पट झाला होता.

एका वस्तीवरच्या आशाताईंनी आपल्या वस्तीचा आकडा बघून तिला फोन केला. "मॅडम, आमच्या वस्तीवर एवढ्या बाया हायेत तरी का? अन् निम्म्या तर अजून तपासायच्या ऱ्हायल्यात." रेहाना आधी हसली, मग स्क्रीनकडे वळली. संध्याकाळपर्यंत तिनं चूक शोधून दुरुस्त केली आणि थेट संचालकांच्या केबिनमध्ये जाऊन कबूल केली. पण तोवर उद्दिष्ट पूर्ण झाल्याचे फ्लेक्स गावभर लागले होते, सरांचा सत्कार उरकला होता आणि गाडी जामखेडहून काढून श्रीगोंद्याकडे पाठवली होती. सर म्हणाले, कॉम्प्युटरमध्ये थोडं इकडंतिकडं व्हायचंच, जाहीर झालेला आकडा आता कमी कसा करायचा... मी तिथंच उभी होते. रेहाना शांतपणे म्हणाली, "सर, त्या मोकळ्या जागेचं रक्त कुणी तपासलं?"

त्यानंतर ती हेकट ठरली. तिची दुरुस्ती काढून जुना प्रोग्राम परत बसवला गेला आणि तिला प्रमाणपत्रं छापायला बसवलं. वर पुन्हा ऐकवायचं, चूक हिची आणि तोंड वर करून बोलते ही! अहो, चूक तिची होती म्हणूनच तर ती बोलत होती. करणारीनं कबूल करायची आणि मिरवणाऱ्यांनी हार घालून घ्यायचे, हा कुठला न्याय? तिकडं चक्कर येते म्हणून खुरपं टाकून बांधावर बसणारी बाई आमच्या हिशेबात तपासून झालेली होती. गाडी परत पाठवा, एवढंच रेहानाचं मागणं होतं. ती गाडी शेवटपर्यंत गेली नाही.

शोकसभेत सरांनी तोच आकडा तिचं कर्तृत्व म्हणून वाचला. मला बसवेना. मी उठून सांगितलं की हा आकडा खोटा आहे आणि तो खोटा असल्याचं पहिल्यांदा रेहानानंच सांगितलं होतं. "आजच्या दिवशी वाद नको," सर म्हणाले. तिच्या हयातीतही त्यांना वाद नकोच होता, मग बोलायचं कधी? बाहेर पडताना तिच्या भावानं माझा हात घट्ट धरला.

आमची दर सोमवारी बैठक असते. तिथं कुणी कसलाही आकडा सांगितला की रेहाना मान वर करून विचारायची, राहिल्या किती? सगळे वैतागायचे, मीसुद्धा कधीकधी. तिची खुर्ची अजून खिडकीशीच आहे, कुणी तिच्यात बसत नाही. गेल्या सोमवारी मी बसले. सरांनी नव्या शिबिराचा आकडा वाचला, टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर मी विचारलं, "राहिल्या किती?"

सरांनी हातातला कागद खाली ठेवला. "तुम्ही आता रेहानासारखं सुरू करू नका," म्हणाले.

मी पुन्हा विचारलं.