साळूबाईच्या झोळ्या

शहागंजच्या मागच्या गल्लीत साळूबाईच्या ओसरीला तीन झोळ्या टांगलेल्या असत. राज्य निजामाचं होतं, आणि गिरणीचा भोंगा कुणाच्या तान्ह्यासाठी थांबत नसे. कामाला जाणाऱ्या बायका सकाळी पोरं साळूबाईच्या हवाली करत आणि पळत सुटत. साळूबाई बालविधवा. पोटी मूल नाही, पण पोरं झोपवण्यात तिचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. हे गल्लीला माहीत होतं, कारण ती स्वतःच ते उठताबसता सांगायची.

त्या हातात नुसती माया नव्हती, बोटाच्या टोकाला मोहरीएवढी अफूही असे. त्यात लपवाछपवी कसली? अफू दुकानात राजरोस मिळायची आणि घरोघरच्या आया तेच करायच्या. दुधात बोट बुडवायचं, बाळाच्या जिभेला लावायचं, झोळीला हेलकावा द्यायचा आणि वाती वळत बसायचं. नव्या आईला मात्र ती दारातच बजावायची, "रडकं पोर मी ठिवत नाय. एक रडलं की तिन्ही उठत्यात."

जहांआरालाही तिनं असंच बजावलं होतं. नवऱ्याचा पाय मोडल्यापासून जहांआराचं घर तिच्या एकटीच्या मजुरीवर चालत होतं. त्या सकाळी तिनं युसूफला झोळीत ठेवलं आणि मान वर न करता निघून गेली. पोर जरासं कण्हलं. साळूबाईनं नेहमीसारखं बोट चाटवलं आणि ते गप झालं. किती गुणाचं लेकरू, असं तिला वाटलं.

ऊन ओसरीवर चढलं तरी युसूफ हलला नाही. त्याच्या ओठावर माशी बसली होती. साळूबाईनं हात हलवून ती उडवली. माशी पुन्हा बसली, आणि पोरानं ओठसुद्धा मुडपला नाही. तिनं त्याला उचललं तर मान एकीकडे लोंबली. ओठ जांभळट दिसत होते. श्वास होता, पण इतका सावकाश की एक गेल्यावर दुसरा येईल याचा भरवसा वाटेना.

ती आधी उरलेल्या झोळ्यांकडे धावली. एकाला चिमटा घेतला, दुसऱ्याला घेतला. दोघंही कळवळून रडली. आयुष्यभर ज्या आवाजाचा तिनं तिरस्कार केला, तो ऐकून तिला रडू फुटलं. तिनं युसूफला चिमटा घेतला. तो रडला नाही.

"गुलशन! अगं ये लवकर!"

शेजारची गुलशन, हिमरूच्या शाली विणणाऱ्याची म्हातारी बायको, हातातलं काम टाकून आली. पोराकडे बघताच तिचा चेहरा उतरला.

"हकीमसाहेबांना आण," साळूबाई म्हणाली.

"हकीमसाब तो उरूस को गये, खुल्दाबाद. सुन, इसको सोने नक्को देव. कुछ भी कर, सोने नक्को देव. मैं जहांआरा को लाती." आणि ती म्हातारी चपला न घालताच निघाली.

साळूबाईनं हिंग कुटून त्याच्या नाकाशी धरला. तोंडावर गार पाणी मारलं. तळव्यांवर टिचक्या मारल्या. मग त्याला खांद्यावर घेऊन ती अंगणात येरझाऱ्या घालू लागली. मध्येच तिच्या लक्षात आलं की आपला हात त्याला थोपटतोय, अंग आपोआप झुलतंय आणि तोंडातून अंगाई निघतेय. या हातांना दुसरं काही येतच नव्हतं. तिनं थोपटणारा हात मागं घेतला आणि त्याच्या कानाशी ओरडली, "उठ रे राजा! नको निजू!" श्वास आला. ती वाट बघत उभी राहिली. फार वेळानं पुढचा आला. हे लेकरू माझ्या हातून चाललं, असं ती स्वतःशीच मोठ्यानं म्हणाली.

गुलशनला मागं टाकून जहांआरा धावत आली आणि लेकराला बघून दारातच खाली बसली.

"म्या मोहरीएवढीच दिली गं," साळूबाई म्हणाली. "रोजच्यावानी. देवाशपथ."

जहांआरा पोराकडे बघतच म्हणाली, "मावशी, सकाळी म्या बी चाटवली व्हती."

"तू? कशापायी?"

"त्याला दात येत्यात. रातभर रडला. तुम्ही म्हणला व्हता ना, रडकं पोर ठिवत नाय."

साळूबाईनं पोराचे पाय हातात घेतले आणि पुन्हा टिचक्या मारायला लागली. गुलशन पाणी मारत राहिली, जहांआरा नावानं हाका मारत राहिली. दुपारचा भोंगा झाला तरी तिघींतली एकही जागची हलली नाही.

उन्हं कलल्यावर युसूफनं तोंड वेडंवाकडं केलं. आधी नुसतीच धाप लागली, मग बारीक आवाज निघाला, आणि मग त्यानं गल्ली डोक्यावर घेतली. जहांआरानं झटकन त्याला छातीशी धरलं आणि घाबऱ्या घाबऱ्या थोपटायला लागली.

"आत्ता गप व्हईल, मावशी. त्याला काढू नका. लई गुणाचा हाय तो."

साळूबाईनं तिचा थोपटणारा हात धरला आणि धरूनच ठेवला.

"नको निजवू," ती म्हणाली. "रडू दे त्याला."