वील्नेरच्या ताटातलं मीठ

आर्तिबोनित नदीच्या खोऱ्यातल्या भातखाचरांत राबण्यात एर्मोझचं आयुष्य गेलं. थोरला भाऊ वील्नेर तापानं गेला, तेव्हा मूठमाती तिनंच दिली होती. म्हणून कित्येक वर्षांनी तो भर बाजारात उभा दिसला, तेव्हा तिच्या डोक्यावरची आंब्यांची पाटीच खाली आली. अंग मळकट, नजर विझलेली. पण कपाळावरचा जुन्या खोकेचा व्रण तोच.

"वील्नेर!"

त्यानं मान वळवली नाही. तिनं हाताला धरून घरी नेलं, तसा मुकाट चालत आला.

"झोंबी आहे," लोक कुजबुजले. "मांत्रिकानं थडग्यातून उठवून कुठल्या तरी मळ्यावर जुंपला असणार."

मग बघ्यांची रीघ लागली. शेजारीण डोळे मिचकावून म्हणाली, "तुझ्या दारी जत्राच भरलीय गं! पाद्रीबाबांकडेसुद्धा एवढी माणसं नसतात."

एक दिवस एर्मोझचा संयम सुटला. "काय बघताय मेल्यांनो? घरी जा!"

गर्दीत म्हातारी क्लोतिल्दमावशी होती. ती शांतपणे म्हणाली, "रागवू नकोस, पोरी. मरणाला इथं कोण भितं? आपल्या पणज्यांना साखळदंडांनी बांधून उसात राबवलं. मेलो की सुटलो, एवढाच त्यांना आधार. पण मेल्यावरही कुणी उठवून राबवलं तर? तेच भय खेचून आणतं सगळ्यांना. मीही त्यासाठीच आले."

झोंबीच्या जिभेला मीठ लागलं, की त्याला आपलं मरण आठवतं आणि तो थडग्याकडे धाव घेतो, हे तिथं पोरासोरांनाही ठाऊक. भाऊ जवळ राहावा म्हणून एर्मोझ त्याला अळणीच वाढत होती. पण त्या रात्रंदिवस उघड्या, रिकाम्या डोळ्यांपुढे तिला घास गिळवेना. शेवटी तिनं मन घट्ट केलं. मक्याच्या कण्या शिजवल्या, वर खारवलेला मासा घातला आणि ताट त्याच्यापुढे ठेवलं.

"खा, दादा. आणि जा आता. सुटलास तू."

तो जेवला. बोटं चाटली. एर्मोझ दाराबाहेर सरून रडू आवरत उभी राहिली.

तो उठला, दारापर्यंत आला आणि तिच्यापुढे थांबला. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. ऊन कलंडलं, तरी तो जागचा हलला नाही. हुकमाची वाट पाहत होता.

"वील्नेर, मी एर्मोझ रे. तुझी बहीण."



अखेर तिनंच मक्याच्या वाफ्याकडे बोट केलं. "तण माजलंय. काढ जा."

तो लगेच निघाला.

पुढे ती त्याला रोज काम सांगू लागली. दुसरं काही त्याला कळतच नव्हतं. आणि हळूहळू तिला दुसरं काही बोलायचं सुचेनासं झालं.