पाहिजेत : तीन पूर्णवेळ प्राध्यापक

बोईसरला माझं व्हॉल्व्ह, पाइप आणि फिटिंगचं दुकान आहे. दुकानदाराकडे दोन गोष्टी आपोआप साठत जातात : न खपलेला माल आणि किस्से. मालाला निदान भंगारवाला तरी गिऱ्हाईक मिळतो. किस्से मात्र आपणच चहा पाजून खपवावे लागतात! तेव्हा चहा घ्या आणि ऐका.

माझं शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या प्रयत्नात. पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. तरी आमच्या संस्थेच्या कॉलेजात प्राध्यापकांच्या मुलाखती घ्यायला मी बसतो, 'उद्योगक्षेत्राचे प्रतिनिधी' म्हणून. एका बाजूला प्राचार्या चुरी मॅडम, दुसऱ्या बाजूला विद्यापीठाने पाठवलेले विषयतज्ज्ञ सर, मध्ये मी. सँडविचमधल्या काकडीसारखा.

झालं असं की आम्ही हौसेनं माहितीशास्त्राचा विभाग काढला. कॉम्प्युटर आले, मुलं आली, पण पूर्णवेळ प्राध्यापक एकही नाही! तासावर येणारे दोघे होते, त्यांचं निम्मं लक्ष परतीच्या गाडीकडे. मग विद्यापीठाचं पत्र आलं. तपासणी समिती येईल तेव्हा तीन पूर्णवेळ प्राध्यापक हजर पाहिजेत, नाहीतर विभाग बंद.

चुरी मॅडम मला म्हणाल्या, "शेठ, विभाग बंद झाला तर मुलं विरारला जातील, मुंबईला जातील. पण जव्हार-विक्रमगडकडून येणाऱ्या माझ्या पोरी कुठेच जाणार नाहीत. घरी बसतील."

त्या दिवसापासून मी व्हॉल्व्ह विकायचं सोडून माणसं शोधायला लागलो.

* * *

पहिल्या मुलाखतीला अकरा जणांना बोलावलं होतं. मंडळी लांबून येणार म्हणून बटाटेवडे मागवले, चटणी वेगळी. सकाळी दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजले. आला कोण? फक्त वडेवाला!

शेवटी आम्ही तिघांनी आणि ऑफिसातल्या धोडी भाऊसाहेबांनी मिळून वडे संपवले. नियमाप्रमाणे अभिप्राय लिहायला हवाच. तज्ज्ञ सरांनी हात पुसले आणि लिहिलं : 'निवड करण्यायोग्य काही आढळले नाही.'

धोडी भाऊसाहेबांनी ते वाचलं, रिकाम्या ताटाकडे बघितलं आणि म्हणाले, "सर, एवढा कडक नका लिहू. वडेवाल्याला वाईट वाटंल!"

* * *

दुसऱ्या खेपेला एक उमेदवार आला, पण एकटा नाही. आई सोबत. मुलगा बत्तीस वर्षांचा, नेट पास, पीएचडी झालेला. तज्ज्ञ सर त्याला काही विचारणार, तेवढ्यात आईनंच सुरुवात केली.

"इथे पाणी किती वेळ येतं?"

मॅडमनी सांगितलं.

"डबा कोण देतं? तेल कुठलं वापरतात? खोलीमालक कसा आहे? वरच्या मजल्यावर शिफ्टवाले राहत नाहीत ना? हा झोपेचा फार कच्चा आहे."

मी दुकानदार. गिऱ्हाईक कितीही चिकित्सक असलं तरी उत्तरं द्यायची सवय. सगळी दिली. डबेवाल्या काकूंचा नंबरसुद्धा दिला. बाई उठल्या, पदर सारखा केला आणि आम्हा तिघांकडे बघून म्हणाल्या,

"ठीक आहे. आम्ही विचार करून कळवतो!"

अजून कळवलेलं नाही.

* * *

एक जण इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून आला. कॉम्प्युटरचं सगळं तोच बघायचा. हुशार माणूस, एम.टेक., मूळचा बिहारचा. तज्ज्ञ सर खूश, मॅडम खूश. शेवटी मॅडमनी विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?"

"मॅडम, शिफ्ट कौन सी मिलेगी?"

"शिफ्ट नाही हो. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. पूर्णवेळ."

तो गोंधळला. "पूर्णवेळ? मतलब बाकी टाइम में क्या करना है?"

तज्ज्ञ सर मोठ्या प्रेमानं म्हणाले, "वाचन! पढ़ना!"

त्याचा चेहरा पडला. "रोज?"

तो पुन्हा कारखान्यात गेला. आता दिसला की मला लांबूनच विचारतो, "शेठजी, कोई मिला पढ़नेवाला?"

* * *

तज्ज्ञ सर विषयातलं विचारतात. मला विषय कळत नाही. म्हणून मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो, "शिकवताना तुमचं काय चुकलं?" कारण 'माझा एक नग कधी परत आला नाही' म्हणणारा व्यापारी मी आजवर खरा पाहिला नाही. मीसुद्धा तेच म्हणतो.

चार जणांनी छाती पुढे काढून सांगितलं, "काहीच नाही!"

पाचवी दातिवऱ्याची मुलगी. वडिलांची होडी आहे. ते बाहेर बाकावर बसले होते, गुडघ्यावर टोपी ठेवून. मुलीला विचारलं तर ती लगेच म्हणाली, "गेल्या वर्षी एक अख्खा तास चुकीचं शिकवलं सर. रात्री लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी फळा पुसला, पोरांची माफी मागितली आणि पुन्हा पहिल्यापासून शिकवलं."

"पोरं हसली असतील?"

"हसली ना! पण तो धडा आजही कोणी विसरलेलं नाही."

निवड झाली. मी बाहेर जाऊन वडिलांना पेढा दिला. ते पेढा हातात धरून म्हणाले, "शेठ, पोरीला घरात कंदी चूक कबूल करताना मी नाय बगितली. तुमी कशी करवली?"

एक जागा भरली.

* * *

आमच्याकडे नमुना तासाला शेवटच्या बाकावर कँटीनच्या मावशी बसतात. ही पद्धत माझीच. मावशींना समजलं म्हणजे पोरांना समजणार. तज्ज्ञ सरांना आधी हे पटलं नव्हतं.

एक मोठे विद्वान आले. परदेशात पेपर वाचलेले. चाळीस मिनिटं बोलले, फळा भरून टाकला. तज्ज्ञ सर म्हणाले, "एक्सलंट!" मी मागे वळून विचारलं, "मावशी, काय समजलं?"

मावशी म्हणाल्या, "साहेब लय हुशार हाय, येवढा समजला."

त्यांच्यानंतर साताऱ्याकडचा एक पोरगेला माणूस आला. त्यानं खडू उचललाच नाही. सरळ मावशींकडे गेला. "मावशी, कँटीनमध्ये डबे कसे लावता?"

"रोज लागतो तो हाताशी. कंदीमंदी लागतो तो वरच्या फळीवर."

"आणि कशात काय आहे, ते कसं कळतं?"

"झाकणावर खूण हाय ना!"

"आणि तुम्ही रजेवर गेलात तर?"

"मंग खूण दुसऱ्याला पण समजाय पायजे."

तो वर्गाकडे वळला. "कॉम्प्युटरमध्ये माहिती कशी ठेवायची, यावर मी जे शिकवणार होतो ते मावशींनी सांगून टाकलं. आता तुमचे प्रश्न विचारा." आणि टेबलावर बसला!

पोरांनी एवढे प्रश्न विचारले की पुढच्या तासाची घंटा कोणाला ऐकू आली नाही. तज्ज्ञ सरांनी यादीवर खूण केली आणि हळूच मला विचारलं, "शेठ, या मावशींचं शिक्षण किती?"

दोन जागा भरल्या.

* * *

आता तिसरी. समिती यायला तेरा दिवस राहिले आणि अमरावतीच्या देशमुख मॅडम आल्या. शिकवणं असं की मावशी कँटीन उघडायचं विसरल्या! आम्ही तिथल्या तिथे 'हो' म्हटलं. त्या म्हणाल्या, "नाही."

"का हो?"

"कॉलेज आवडलं, मुली तर फारच आवडल्या. पण मिस्टरांची नोकरी नागपूरला. दोन गावांत दोन चुली मला नाही जमणार."

चुरी मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी विचारलं, "साहेब काय करतात?"

"केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहेत."

"अहो मॅडम, ते कवी आहेत म्हणाला असतात तर मी हात टेकले असते! सेफ्टी ऑफिसर? बोईसरमध्ये?"

तिथूनच कांतीभाईंना फोन लावला. रंगाचा कारखाना, माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांना चार महिने सेफ्टी ऑफिसर मिळत नव्हता. म्हणाले, "शेठ, आजच पाठव!"

तज्ज्ञ सर अस्वस्थ. "शेठ, हे निवड प्रक्रियेत बसतं का?"

"प्रक्रियेत नाही बसत सर, बोईसरमध्ये बसतं!"

नवराबायको बिऱ्हाड घेऊन आले. दोघंही एकाच गुरुवारी कामावर रुजू. समिती सोमवारी. आणि शुक्रवारी कांतीभाईंचा फोन, आवाज चढलेला.

"शेठ, हा माणूस कोण दिला तू मला? तुझाच माल गेटवरून परत पाठवला! टेस्ट सर्टिफिकेट पाहिजे म्हणतो! इतकी वर्षं मी तुझा माल घेतो, कोणी कधी विचारलं? तू फक्त बोल, आत्ता त्याला काढतो!"

मी खुर्चीतून उठलोच. "कांतीभाई, त्याला हात लावू नका! माल परत पाठवा! जुना पडला असेल तोही पाठवा! सोमवारी समिती आहे!"

सोमवारी समिती आली. कागद बघितले, लॅब बघितली. तिन्ही प्राध्यापक समोर बसलेले. अध्यक्ष म्हातारे आणि मुरलेले. त्यांनी पेन उघडलं, पण सही करायच्या आधी देशमुख मॅडमकडे बघितलं.

"बाई, खरं सांगा. अमरावतीहून इतक्या लांब आलात. टिकणार आहात, की आमची गाडी फाटकाबाहेर गेली की तुम्हीही जाणार?"

चुरी मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे.

देशमुख मॅडम अगदी सरळपणे म्हणाल्या, "नाही सर. मिस्टर इथल्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहेत. कालच घरी म्हणाले, या गावात एक दुकानदार आहे, त्याचा माल सुधारेपर्यंत आपण इथून हलायचं नाही. बरीच वर्षं लागतील म्हणतात."

चुरी मॅडमना एकदम ठसका लागला. अध्यक्ष मनापासून हसले. सही केली, खाली तारीख घातली, कागद मॅडमकडे सरकवला. मग पेनाला टोपण लावता लावता माझ्याकडे वळले.

"आणि शेठ, आपलं दुकान कशाचं?"