हौस म्हणे!

"आमच्या काकू हौस म्हणून करतात हो! त्या कसल्या कामगार?"

काशीत दुर्गाघाटावर, आमच्याच गल्लीतल्या देवळात निवडणुकीची सभा होती. उमेदवारानं माझ्याकडे हात केला. लोक हसले. तो आमच्यातलाच, इथल्या मराठी घरातला, माझ्या अंगणात खेळून मोठा झालेला.

आधी सांगत होता, बाजार खुला हवा, बाहेरचा माल येऊ दे, स्वस्त असेल तो विकेल. मी उठले. म्हटलं, "बाबा रे, बाहेरचं मशिनी कापड आलं की आम्ही काय करायचं? आम्ही बायका युनियन करतोय. पाठीशी राहशील?" त्याचं हे उत्तर. वर म्हणे, "युनियन आली की धंदा पळतो, काकू."

बनारसी साडीच्या उलट्या बाजूला धागे लोंबतात, ते आम्ही शेटकडून साड्या आणून घरी बसून मजुरीवर कातरतो. हात जरा चुकला की साडी फाटते. माझा अंगठा आता सरळ होत नाही. हौस!

पण खोटं कशाला बोलू, तो शब्द माझाच. हे गेले. भिक्षुकाचं घर, बाई मजुरी करते असं कोणी म्हणू नये म्हणून मीच सांगत फिरले, "वेळ जात नाही हो, आपली हौस." या उमेदवारालाही, तो लहान असताना, हेच सांगितलं होतं.

मी खाली बसले. शेजारी नसीमा, हेच काम करणारी. तिच्याकडे बघवेना. हळूच म्हणाली, "दीदी, सेठ भी यही कहता है. मजूरी बढ़ाने को कहो तो कहता है, पंडिताइन तो शौक से करती हैं, तुम्हें क्या हुआ?"

"कधीपासून?"

"बरसों से. आपको क्या कहते?"

माझी अब्रू राखायला मी एक शब्द बोलले, आणि तो हिच्या ताटातला घास काढत राहिला. हिनं मला कळूही दिलं नाही. ईदला शेवया आणून देत राहिली.

पुन्हा उठले. माईक नव्हता, ओरडलेच. "मी मजुरी करते! नवरा गेल्यापासून. पोटासाठी!"

"काकू, बसा आता," तो म्हणाला.

"नाही बसत."

नसीमा हसली नाही. का हसावं तिनं? गेलेली वर्षं मी परत देऊ शकत नाही.

युनियनच्या कागदावर मी सही केली आहे. शेटलाही कळवलंय. ज्या मजुरीला नसीमा नाही म्हणेल, त्या मजुरीत एकही साडी माझा उंबरठा ओलांडणार नाही.